ऑटोवर ठेवलेली आजी

नवा कॅमेरा घेतलेला माणूस ऑफिसात लांबूनच ओळखू येतो. लंच टाइमला तो टेबलावर डब्याच्या आधी कॅमेरा ठेवतो. मग रीतसर दर्शनसोहळा. कुणी मेगापिक्सेल विचारतं, कुणी झूम, कुणी 'हप्ते किती?' असा मुद्द्याचा प्रश्न टाकतं. शनिवार-रविवारी साहेब माळशेज नाहीतर राजमाची करून येतात आणि सोमवारी सकाळी ग्रुपवर एकशे ऐंशी फोटो आदळतात. फोटो वाईट नसतात हो. पण मोबाइलनेही साधारण असेच आले असते. कारण कॅमेऱ्याच्या डोक्यावर ती जी अक्षरांची गोल चकती असते ना, ती डब्यातून बाहेर काढल्या दिवसापासून 'ऑटो'वरून इंचभरही हललेली नसते.

मी हसत नाही. मला हसायचा अधिकारच नाही. मी तर अख्खी आजी ऑटोवर ठेवली होती.

२०१८ सालची गोष्ट. आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. म्हणजे हजार पौर्णिमा बघून झाल्या. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं आणि वर दहा महिने लागतात. (हा हिशेब आजीने स्वतः तोंडी करून दाखवला होता. मी मोबाइलवर पडताळला. बरोबर होता.) डोंबिवलीत घराजवळच छोटा हॉल घेतला. बाबांनी विचारलं, "फोटोग्राफर सांगायचा का गं?" आणि मी, नुकत्याच मिळालेल्या बोनसमधून दोन लेन्सवालं किट घेतलेली मी, तोऱ्यात म्हणाले, "कशाला? आपल्याकडे कॅमेरा आहे की!"

एक्क्याऐंशी दिव्यांचं ताट घेऊन आत्या उभी राहिली. कुणीतरी हौसेने हॉलच्या ट्यूब बंद केल्या. सगळे एकदम 'आहाहा' म्हणाले, कारण खरोखरच आहाहा होतं. काळोखात फक्त आजीचा चेहरा, तोही खालून उजळलेला. चष्म्याच्या काचेत दिव्यांच्या रांगा. मी बटण दाबलं आणि फ्लॅश टुणकन वर येऊन फाडकन उडाला. आजी दचकली. मी पुन्हा दाबलं, पुन्हा फाडकन. मग आत्यानेच ओरडून सांगितलं, "अगं बंद कर ती वीज!" म्हणून मी 'फ्लॅश ऑफ' केला आणि पुढे निवांत काढत राहिले. एकूण २१४ फोटो.

घरी येऊन लॅपटॉपवर बघितले तेव्हा पोटात खड्डा पडला. फ्लॅशवाल्या फोटोंत आजीचा चेहरा कच्च्या पापडासारखा, पांढरा आणि सपाट. मागे मिट्ट काळोख. दिवे लावलेत की नुसतेच मांडलेत, तेही कळेना. आणि फ्लॅशशिवायच्या फोटोंत आत्याच्या हातात एक नाही, चार ताटं. ज्योतींचे पिवळे फराटे. आजीच्या चेहऱ्यावर उजेडाचा लगदा. 'असू दे, व्हिडिओ आहेच की मावशीच्या मोबाइलवर,' असं म्हणून सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं. तो व्हिडिओ मावशीने मोबाइल बदलला तेव्हा गेला.

आजी २०२० मध्ये गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. २१४ फोटोंतून एक मिळेना. शेवटी बँकेच्या केवायसीसाठी काढलेला पासपोर्ट साइझचा फोटो मोठा करून लावला. तोच अजून आहे. आजी त्यात काउंटरवर आपला नंबर कधी येतोय याची वाट बघत असल्यासारखी दिसते.

त्या दिवसांत काका आमच्याकडे असायचे. माझे धाकटे काका म्हणजे एके काळचे हौशी फोटोग्राफर. मस्कतहून कुणीतरी आणून दिलेला याशिका इलेक्ट्रो ३५ हा त्यांचा कॅमेरा, आणि त्याच्या जोडीला एक वही. छत्तीस फोटोंचा रोल परवडायचा नाही, त्यामुळे प्रत्येक फोटो वहीत जमा. कुठे, कधी, किती वाजता, काय सेटिंग. एका संध्याकाळी ते माझ्या लॅपटॉपपाशी बसले आणि ते २१४ फोटो एकेक करून बघू लागले. मी आत जाऊन लपावं की काय या विचारात. तेवढ्यात त्यांना फोटोशेजारचे आकडे दिसले.

"हे काय? तुझा कॅमेरा स्वतःच वही लिहितो?"

लिहितो. प्रत्येक फोटोच्या पोटात तो कसा काढला ते नोंदवलेलं असतं. दोन वर्षं मी त्या आकड्यांकडे ढुंकून बघितलं नव्हतं. काकांनी चष्मा वर करून वाचलं. "एक षष्ठांश सेकंद. एफ ५.६. आयएसओ ३२००." मग स्वयंपाकघरातून एक ताट आणायला लावलं आणि म्हणाले, "ओवाळ मला."

ओवाळलं. बाबा दारातून बघत होते, काही बोलले नाहीत.

"आता मला सांग, सेकंदाच्या सहाव्या हिश्शात तुझा हात कुठून कुठे गेला?" मी पुन्हा ओवाळून बघितलं. वीतभर तरी गेला असेल. "मग झालं तर. कॅमेऱ्याचं दार वीतभर वेळ उघडं होतं. त्याने वीतभर ताट काढलं. त्याची चूक काय?"

शटर स्पीड हे प्रकरण मला त्या ताटावर कळलं. शटर म्हणजे सेन्सरपुढचं दार, आणि स्पीड म्हणजे ते किती वेळ उघडं राहणार तो वेळ. १/१२५ म्हणजे सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. त्या वेळात ओवाळणारा हात साधारण सेंटिमीटरभर सरकेल, फोटोत ते बहुतेक कळणारही नाही. धावतं पोर पकडायचं तर १/५००, क्रिकेट वगैरे १/१०००. आणि समोरचं सगळं स्थिर असलं तरी आपला हात असतोच थरथरायला. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर निदान १/८० असावा, टेलिफोटोवर त्याहून बराच जास्त. लेन्सवर किंवा कॅमेऱ्यात 'स्टॅबिलायझेशन' असेल तर तुमच्या हाताचं कंपन तो सावरतो. आत्याचा हात नाही सावरत.

मग दुसरा आकडा, एफ ५.६. तो म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्समधलं भोक. इथे सगळ्यांची दांडी उडते, कारण आकडा मोठा तेवढं भोक लहान. पण त्यात जादू काही नाही, तो भागाकार आहे. ५० मिलिमीटरची लेन्स एफ २ वर ठेवली तर भोक ५० भागिले २, म्हणजे २५ मिलिमीटर. एफ १६ वर जेमतेम ३. पूर्ण पायऱ्या अशा : १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. प्रत्येक पायरीला उजेड अर्धा. याच पायरीला 'स्टॉप' म्हणतात. शटरचंही तसंच, १/६० वरून १/१२५ वर गेलात की एक स्टॉप कमी.

काकांनी नळाचा दाखला दिला. डोंबिवलीकरांना पाण्याचे दाखले लगेच कळतात. बादली तेवढीच भरायची आहे. नळ पूर्ण सोडून पटकन भरा, नाहीतर बारीक धार लावून बराच वेळ भरा. पाणी तेवढंच. आणि नळाची धारच बारीक, वर पाणी जायची वेळ झालेली, तेव्हा? तेव्हा आयएसओ. पण आयएसओने पाणी वाढत नाही. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतात ना, तसं ते आहे. सगळ्यांना वाढली जाते, पण चव पातळ होते. फोटोत ती पातळ चव रवाळ ठिपक्यांच्या रूपाने दिसते. हल्लीचे कॅमेरे आमटीत भरपूर पाणी सहन करतात, हे मात्र कबूल. १६०० आणि ३२०० ला घाबरायचं आता कारण नाही.

एवढं समजल्यावर मी काकांना विचारलं, "मग ऑटोला हे सगळं येत असूनही त्याने आजीची अशी वाट का लावली?"

काकांनी उत्तर द्यायच्या ऐवजी देवघरातला विठोबा आणायला सांगितला. वीतभर उंचीचा, काळ्या दगडाचा. तो फ्रेमभर घेऊन ऑटोवर फोटो काढला. विठोबा राखाडी. मग बाबांचं धुतलेलं पांढरं धोतर पसरून त्याचा फोटो. तेही राखाडी. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर धोतर कुठलं आणि देव कुठला हे फक्त सुरकुत्यांवरून कळावं.

कॅमेऱ्यातला मीटर समोर काय आहे ते ओळखून उजेड मोजत नाही. सगळं जग सरासरी मधल्या करड्या रंगाचं आहे, असं धरून तो चालतो. बहुतेक वेळा ते खपूनही जातं, कारण रस्ता, झाडं, माणसं मिळून सरासरी तशीच येते. पण समोर काळंच काळं आलं की त्याला वाटतं उजेड कमी पडला, मग तो फोटो उजळवतो. पांढरंच पांढरं आलं की काळवंडवतो. आता नव्या कॅमेऱ्यांना चेहरे ओळखता येतात, त्यामुळे चुका कमी झाल्यात, पण मूळ स्वभाव तोच. कॅमेऱ्याला अंधार ही चूक वाटते. हॉलमधल्या ट्यूब मुद्दाम बंद केल्या होत्या, हे त्याला कोण सांगणार? त्याने तीन चतुर्थांश काळोख बघितला आणि तो दुरुस्त करायला घेतला. आधी फ्लॅशने, मग फ्लॅश बंद केल्यावर दार जास्त वेळ उघडं ठेवून. काळोख थोडा उजळला, आजी जळून गेली.

यावर उपाय आहे, आणि तो सगळ्यात स्वस्त आहे. प्लस-मायनसचं एक छोटं बटण असतं, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं. काळ्याला मायनस, पांढऱ्याला प्लस. विठोबाला मायनस दीड दिला, काळा कुळकुळीत आला. धोतराला प्लस दीड, शुभ्र. डोक्याला हे उलटं वाटतं, मलाही महिनाभर वाटायचं. आणि हो, कॅमेरा घेतला नसेल तरी हे तुमच्या खिशात आहे. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवलं की बहुतेक फोनांत शेजारी सूर्यासारखं एक चिन्ह येतं. ते खाली ओढायचं. दिवाळीत पणत्यांचे फोटो काढताना एकदा करून बघा आणि मला कळवा.

आता ती चकती. 'पी' म्हणजे प्रोग्रॅम. शटर आणि अ‍ॅपर्चर दोन्ही कॅमेरा ठरवतो, पण फ्लॅश तुमच्या परवानगीशिवाय उडत नाही आणि प्लस-मायनस चालतं. ऑटोवरून उतरायची ही पहिली पायरी. 'एस' किंवा काही कॅमेऱ्यांवर 'टीव्ही' (टाइम व्हॅल्यू; दूरदर्शनशी संबंध नाही) म्हणजे शटर तुम्ही सांगायचं, अ‍ॅपर्चर तो बघतो. 'ए' किंवा 'एव्ही' म्हणजे अ‍ॅपर्चर तुमचं, शटर त्याचं. आणि 'एम' म्हणजे मॅन्युअल, दोन्ही तुमच्या गळ्यात. हे काही आजचं फॅड नाही. कॅननच्या ए-१ या फिल्म कॅमेऱ्यावर १९७८ मध्येच हे चारही प्रकार होते. आणि काकांचा साठच्या दशकातल्या डिझाइनचा याशिका म्हणजे तर नुसता 'एव्ही' मोड. लेन्सवरची कडी फिरवून अ‍ॅपर्चर ठरवायचं, शटर तो स्वतः ठरवणार. किती ठरवला ते आकड्यात सांगणार नाही. फक्त दोन दिवे. उजेड कमी असेल आणि शटर सावकाश पडणार असेल तर पिवळा, उजेड जास्त होत असेल तर लाल.

काकांच्या वहीत मी ती पानं बघितली. 'आई, गॅलरी, संध्याकाळ. २.८. पिवळा दिवा. कठड्याला टेकून, श्वास रोखून.' शटरचा आकडा माहीत नाही, पण तो सावकाश आहे एवढं माहीत आहे आणि त्यावर काय करायचं तेही माहीत आहे. माझ्याकडे सगळे आकडे होते आणि मी एकही वाचला नव्हता.

मी साहजिकच 'ए'वर गेले. साहजिकच ५० मिलिमीटर एफ १.८ घेतली, कारण किटमधली १८-५५ लेन्स पुढे झूम केली की ५.६ च्या वर उघडतच नाही. १.८ म्हणजे त्याहून तीन स्टॉपपेक्षा थोडा जास्तच उजेड, आठपटीच्या वर. आणि साहजिकच मला बोकेची बाधा झाली. बोके म्हणजे मागचं सगळं मऊ लोण्यासारखं धूसर होणं, हा जपानी शब्द आहे. आपल्याकडे तो उच्चारला की सोसायटीतली मांजरं आठवतात, त्याला इलाज नाही. सहा महिने मी जगातली प्रत्येक वस्तू १.८ वर काढली. वडापाव १.८. कुंडी १.८. मग ऑफिसात टीमचा फोटो काढायची वेळ आली. पुढे चार खुर्च्या, मागे पाच उभे. मी फोकस पुढच्या खुर्चीवर केला. फोटोत पुढचे चौघे खणखणीत आणि मागची रांग धुक्यात. मागच्या रांगेत मधोमध आमचा बॉस होता. अप्रेझलच्या महिन्यात! तो फक्त म्हणाला, "मी नव्हतो का त्या दिवशी?"

भोक मोठं केलं की उजेड जास्त येतो हे फुकट मिळत नाही. फोकस जिथे असेल तिथली धारदार पट्टी अरुंद होत जाते. जवळून चेहरा घेतला तर १.८ वर डोळा स्पष्ट आणि कान गेलेला असतो. जितकं जवळ जाल आणि जितकी लांबची लेन्स लावाल तितकी पट्टी आणखी अरुंद. दोन रांगांना ५.६, शक्य असेल तर ८. मोबाइलमध्ये हा खेळ बहुतेक नाहीच. तिथे अ‍ॅपर्चर सहसा एकच, कायमचं. पोर्ट्रेट मोडमधला बोके नंतर गणित करून चढवलेला असतो, म्हणून तर कुरळ्या केसांच्या कडेला आणि चष्म्याच्या काडीपाशी तो फसतो.

'एस' मोड मला फडके रोडने शिकवला. गुढीपाडव्याची शोभायात्रा, सकाळी साडेआठचं ऊन, ढोलपथक. मी १/१००० लावून टिपरूची चित्रं टिपली. अगदी स्वच्छ. टिपरू हवेत, ढोलाच्या पानापासून चार बोटांवर. आणि फोटो मेलेला. ढोल वाजतोय असं काही केल्या वाटेना, पोरगी टिपरू धरून कुणाची तरी वाट बघतेय असं वाटत होतं. मग १/६० वर आले. भर उन्हात एवढा वेळ दार उघडं म्हटल्यावर कॅमेऱ्याने भोक एफ १६ पर्यंत मिटलं. वीसेक फोटो वाया गेले. एकविसाव्यात तिचा चेहरा स्थिर आणि हाताच्या जागी नुसता पंखा. त्या फोटोकडे बघितलं की मला आवाज येतो. हलणं टाळायचं की दाखवायचं, हे कॅमेऱ्याला ठरवता येत नाही, एवढ्यासाठी 'एस' आहे. एक मात्र बघा, तुम्ही मागितलेला शटर परवडण्याइतकं भोक लेन्सला उघडता आलं नाही तर कॅमेरा नकार देत नाही. आकडा लुकलुकवतो आणि काळा फोटो काढून हातात ठेवतो.

राहिला 'एम'. त्याच्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते. प्रत्येक ट्रेकग्रुपमध्ये एक जण असतो, जो 'मी फक्त मॅन्युअलवर काढतो' असं पोहे खाताना तीनदा सांगतो. ढग येतात, जातात, हा दर वेळी चाकं फिरवत बसतो आणि तोवर गरुड उडून गेलेला असतो. त्यातून त्याचा आयएसओ ऑटोवर असला तर ते अर्धंच मॅन्युअल, शेवटचा निर्णय कॅमेराच घेतोय. मी आजही दहातले आठ फोटो 'ए'वर काढते आणि मला त्याची लाज नाही. पण एक जागा अशी आहे जिथे 'एम'ला पर्याय नाही. उजेड बदलत नाही, पण चौकटीतला काळोख कमीजास्त होतोय. फटाके, स्टेज, पौर्णिमेचा चंद्र.

आणि औक्षण.

२०२४ मध्ये आईची एकसष्टी झाली. तोच हॉल. बाबांनी या वेळी 'फोटोग्राफर सांगायचा का' असं विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "सांगा. बाकीच्या कार्यक्रमाला सांगा. औक्षणाचे मी काढणार."

आदल्या रविवारी घरात रंगीत तालीम. नवऱ्याला खुर्चीवर बसवला, ताटात पाच दिवे लावून शेजारच्या काकूंना ओवाळायला उभं केलं. (नवरा ऐन जवानीत एकसष्ट वर्षांचा झाल्याबद्दल त्यांनी त्याचं अभिनंदन केलं.) 'एम'वर एफ २.२, १/६०, आयएसओ ६४०० वर चेहरा छान उजळला, मागचा पडदा काळोखात राहिला. आकडे लिहून ठेवले. एकदम कॉन्फिडन्ट!

प्रत्यक्ष दिवशी ट्यूब बंद झाल्या, मावशी ताट घेऊन आली, मी दोन फोटो काढले आणि मागच्या स्क्रीनवर बघितलं. आई नाहीच. चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. हातपाय गार. तेच पुन्हा, तोच हॉल, तीच मी. आणि मग लक्षात आलं, दिवे एकसष्ट आहेत. तालमीत पाच होते. बारापट उजेड! पाचाचे दहा एक स्टॉप, दहाचे वीस दोन, विसाचे चाळीस तीन, वर आणखी थोडं. आयएसओ ६४०० चा १६०० केला, दोन स्टॉप गेले. शटर १/६० चा १/१२५, तिसरा गेला. यातलं शटरचं तर मला आपणहूनच हवं होतं, हात हलतोय ना. मावशीचा दुसरा फेरा पूर्ण व्हायच्या आत हे सगळं झालं. उरलेल्या फेऱ्यांत अकरा फोटो मिळाले.

आईला त्यातला आवडलेला फोटो मला आवडलेला नाही. मला जो आवडलाय त्यात तिची नजर खाली दिव्यांवर आहे, नाकातली चमकी तेवढी चमकतेय आणि बाकी काळोख आहे. "त्यात पैठणी कुठे दिसतेय?" असं तिचं म्हणणं. तिने निवडलेल्यात ती हसत मावशीला काहीतरी सांगतेय, बहुधा 'सावकाश, तेल सांडेल' असंच. काठ दिसतोय. तो मोठा करून आणलाय, हॉलमध्ये लावलाय, आजीच्या पासपोर्ट फोटोपासून जरा लांब.

काकांना दाखवायला गेले तेव्हा त्यांनी फोटो आधी बघितलाच नाही. "आकडे सांग," म्हणाले आणि वही उघडली. तीच वही. माझ्यादेखत त्यांनी नव्या ओळीत लिहिलं : 'वहिनी. ६१ दिवे. २.२. १/१२५. १६००.' मग पेन तसंच धरून विचारलं, "पिवळा दिवा लागला होता का गं?"

"नाही काका," म्हटलं. "पहिल्या दोनला लाल."

तेही लिहिलं.